सतरा गेले, सतरा आले

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या. पण "मनाने रचली" असं खाली लिहू नका, एवढं ऐका माझं.

मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. भुताच्या गप्पा करणाऱ्या पोरींना वर्गाबाहेर उभं करायची. तेव्हा मला हौस म्हणून हे लिहायचं असतं, तर केव्हाच लिहिलं असतं.

तारीख १९ जानेवारी १९७४. शनिवार. संक्रांत होऊन पाच दिवस झाले होते.

जागा नागपूर. शहराच्या पश्चिम टोकाला आमचं कॉलेज होतं. नाव लिहीत नाही. कॉलेज अजून चालू आहे, पोरं अजून तिथे फिरायला जातात.

आणि रात्रही नव्हती. भुतं रात्रीच येतात हे कुणी ठरवलं कोण जाणे. संध्याकाळचे पावणेसहा वाजले होते. चांगला उजेड होता.

कॉलेजच्या मागे टेकडी आणि टेकडीवर जंगल. जंगल म्हणजे अगदी जंगल. साग, मोह, पळस, तेंदू, चारोळी. मोर इतके की वर्ग चालू असताना त्यांचं ओरडणं ऐकू यायचं. त्यात तीन पायवाटा होत्या. एक सागवाट, एक नाल्याकडून जाणारी, आणि एक खदानवाट. खदानवाट जुन्या दगडाच्या खदानीच्या काठाने जायची. इंग्रजांच्या वेळी तिथून गिट्टी निघायची म्हणे. नंतर ती तशीच पडून राहिली. घाणेरीची झुडपं काठावर इतकी माजली होती की जवळ जाईपर्यंत खड्डा दिसायचा नाही.

दर शनिवारी दुपारी साडेतीनला आमची फेरी निघायची. वनस्पतिशास्त्राचे घाटोळे सर, आणि आम्ही सतरा विद्यार्थी.

खरं सांगते, आठवड्यातले ते अडीच तास म्हणजे माझं सुख होतं. मी मूळची उमरेडची, शिकायला सीताबर्डीला मामाकडे राहायची. मामाचं घर दोन खोल्यांचं आणि माणसं अकरा. टेकडीवर गेलं की पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतल्यासारखं वाटायचं.

सरांचे नियम कडक होते. बोलायचं नाही. दोघांत वीस पावलांचं अंतर ठेवायचं, म्हणजे पाखरं उडत नाहीत. रोल नंबरच्या क्रमाने चालायचं. त्यामुळे वळणावळणाच्या वाटेवर तुम्हाला पुढचा माणूस जेमतेम दिसायचा. पदर दिसायचा, पाठ दिसायची, आणि पुढच्या वळणाला तीही जायची.

परत आल्यावर तारेच्या फाटकाबाहेर एक पुलिया होती, ओहोळावरचा छोटा पूल. सर तिच्यावर बसून वही उघडायचे आणि आम्ही एकेक करून नंबर म्हणायचो. "एक, हजर." "दोन, हजर." सर मान वर करायचेच नाहीत. सगळ्यांना आवाजावरून ओळखतो, अशी त्यांची ऐट होती. मोजणी झाली की फाटकावरच्या बाबनरावांना सांगायचे, "सतरा गेले, सतरा आले. लावा कुलूप."

अकरा नंबर गोपिका पौनीकर.

बारा नंबर मी. प्रेमिला.

गोपिका इतवारीकडची, विणकराच्या घरची. वडील शालिकराम हातमागावर बसायचे, आई प्रयागबाई सूत भरायची. गोपिकाच्या साड्या घरच्याच असायच्या, करवती काठाच्या. करवतीच्या दातांसारखी नक्षी असते ना काठाला, तो. दोन वर्षं मी त्या वाटांवरून तो काठ बघतच चालले. ती पुढे, मी मागे. नंतर एकाच बसने सीताबर्डीपर्यंत यायचो. तिथून ती इतवारीची बस धरायची.

मला एक कला होती. नकला. स्नेहसंमेलनात मी अख्ख्या वर्गाचे आवाज काढले होते. सर पोट धरून हसले होते. गोपिका "अकरा" शेवटी लांबवून म्हणायची, "अकराऽ", आणि "हजर" अगदी पटकन. ते तर मला झोपेतही जमलं असतं.

त्या शनिवारी सागवाटेच्या वळणावर ती थांबली. मी पोचेपर्यंत थांबली. वीस पावलांचा नियम तिने कधी मोडला नव्हता.

माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आज माहा नंबर तू म्हणून देजो."

"काहून?"

"सोमवारी समजन तुले. नाल्यापाशी तार तुटून हाय, तिथून निघतो अन् बसस्टॉपवर येतो. तू पोचाच्या आधी आलीच समज."

मोजणीत सापडलं नाही, तर पचमढीच्या सहलीतून नाव कापलं जायचं. ती सहल परीक्षेत धरायचे. म्हणून हा उपद्व्याप. मी डोळे मोठे केले. ती हसली आणि उतारावरून खाली गेली.

सागाच्या वाळल्या पानांवरून तिची पावलं ऐकू आली. कर्र... कर्र... कर्र...

मग नाही आली.

पुलियावर पोचलो. सर वहीत डोकं घालून बसले होते. नऊ झाला. दहा झाला.

मी म्हटलं, "अकराऽ, हजर." लगेच माझ्या आवाजात, "बारा, हजर."

सरांनी दोन खुणा केल्या. शेजारी उभ्या असलेल्या सुमतीने तोंडावर पदर धरला. तिला मजा वाटली. तेरा नंबर तिचाच.

"सतरा गेले, सतरा आले. लावा कुलूप."

बसस्टॉपवर गोपिका नव्हती.

मी एक बस सोडली. दुसरीही सोडली. हवेत गारठा वाढला तसा माझा राग वाढला. मला इथे उभं करून ही गेली कुठे? फाटक तिथून शंभर पावलांवर होतं. बाबनराव शेकोटीशी बसलेले दिसत होते. जाऊन एक वाक्य बोलायचं होतं फक्त. बोलले असते तर माझं नाव कापलं गेलं असतं.

तिसरी बस आली. मी चढले.

सोमवारी गोपिका आली नाही.

मंगळवारी पोलीस आले.

त्याच शनिवारी प्रयोगशाळेतला कारकून मार्तंड नोकरी सोडून भिलाईला गेला होता. झालं. लोकांना तेवढं पुरलं. पोलीस भिलाईला जाऊन आले, मार्तंड एकटाच राहत होता. पण त्या गोष्टीची कुणी वाच्यता केली नाही. विणकराची पोरगी पळाली, हेच सगळ्यांच्या तोंडी बसलं.

आणि मलाही तेच वाटलं. मला तर सगळ्यात जास्त वाटलं. दोन वर्षांची मैत्रीण, एका डब्यात जेवलेली. तिने मला काही सांगितलं नाही आणि पळायला माझा आवाज वापरून घेतला. मी रात्री उशीत तोंड खुपसून रडले. ते रडणं तिच्या काळजीचं नव्हतं. माझा विश्वासघात झाला म्हणून रडत होते मी.

पोलिसांनी सरांना विचारलं, ती टेकडीवरून परत आली होती का? सरांनी वही दाखवली. अकरा नंबरपुढे खूण. म्हणजे पोरगी फाटकाबाहेर आली, पुढे जे झालं ते बाहेर झालं. त्यांनी स्टेशन बघितलं, बसस्टँड बघितलं, कामठीपर्यंत जाऊन आले. सुमती मला बाजूला घेऊन म्हणाली, मी नाही बाई यात पडणार.

टेकडी कुणी बघितली नाही.

गुरुवारी प्रयागबाई मामाच्या घरी आली. पायात चप्पल नव्हती. दारातच बसली, आत आली नाही.

"बाई, तू संग होतीस. फाटकाच्या बाहेर आली होती ना ते?"

आता सांगावं, असं एकदा मनात आलं. पण मामी मागे उभी होती. पचमढी समोर दिसत होती. आणि राग होताच.

मी म्हटलं, "हो बाई. आली होती."

तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि गेली.

तीन शनिवार फेरी बंद होती. फेब्रुवारीच्या मध्यावर पुन्हा सुरू झाली. सरांनी सांगितलं, अकरा वगळायचा. दहानंतर थेट बारा.

फेरी नेहमीसारखी झाली. पळसाला पहिली फुलं आली होती. तांबट पक्षी कुठेतरी टुकटुक करत होता. मी पुढे बघायचं टाळत होते, कारण माझ्यापुढची जागा रिकामी होती. पुलियावर आलो. नऊ. दहा.

मग थोडी शांतता. मी श्वास घेतला...

"बारा, हजर."

सरांनी खूण केली. सुमतीने तेरा म्हटलं. मोजणी पुढे गेली.

माझं तोंड अजून उघडलेलंच होतं.

मी म्हणाले नव्हते.

बसमध्ये बसल्यावर मी स्वतःची समजूत घातली. बोलून गेले असेन. माणूस विचारात असला की असं होतं. मग पुढच्या शनिवारी मी मुद्दाम दोन्ही ओठ दातांत धरून उभी राहिले. इतके घट्ट की जिभेला रक्ताची चव आली.

नऊ. दहा.

"बारा, हजर."

माझा आवाज. माझा तो थोडा नाकातला "बारा". कुठून आला सांगता येत नाही. मी उभी होते तिथूनच आला.

सुमती म्हणाली, आज केवढ्याने बोललीस गं. मी पहिली बस धरली. घरी येऊन ताप भरला.

तिसऱ्या शनिवारी जायचंच नाही, असं ठरवलं होतं. पण गैरहजेरी मांडली तरी सहल जाणार होती. हा माझा हिशोबीपणा बघा. ताप अंगात घेऊन मी गेले.

२ मार्च. होळी सहा दिवसांवर आली होती. टेकडी पळसाने पेटली होती. जमिनीवर मोहाची पहिली फुलं पडलेली, गोड घमघमाट. इतकी सुंदर टेकडी मी नंतर कधी बघितली नाही.

मी मान खाली घालून चालत होते. मोहाची फुलं चुकवत, पुढच्याच्या मागे.

बऱ्याच वेळाने डोक्यात आलं, की मी पुढच्याच्या मागे चालते आहे.

माझ्यापुढे तर कुणी नव्हतं. दहा नंबरचा मुलगा चाळीस पावलांवर होता. पण पुढे वळणावर हिरव्या साडीचा काठ दिसत होता. वीस पावलांवर.

करवती काठ...

मी थांबले. तो वळणाआड गेला. मला ओरडायचं होतं, पण पाय चालायला लागले. का, ते आजही सांगता येत नाही. भीती वाटत होती, पण भीतीपेक्षा मला तिला जाब विचारायचा होता. अशी कशी गेलीस मला टाकून?

सागाच्या पानांवरून मांजर गेलं तरी आवाज होतो. माझ्या पायाखाली कर्र कर्र होत होतं.

पुढे काहीच आवाज नव्हता.

तांबट थांबला होता. मोर थांबले होते. वारा होता की नाही आठवत नाही, पानं मात्र हलत नव्हती.

मग घाणेरीचा वास आला. मी बघितलं तर दोन्ही बाजूंना झुडपं. मी खदानवाटेवर होते. सरांनी त्या दिवशी खदानवाट घेतलीच नव्हती.

काठ दिसेना. पुढे वाटच नव्हती. दोन पावलांवर जमीन संपत होती. काठाचा मुरूम ताजा ढासळलेला, लालसर, खाली गेलेला.

आणि तेवढ्यात लांबून मोजणी ऐकू आली.

खदान उंचावर, पुलिया खाली. शांततेत एकेक अक्षर वर येत होतं.

"आठ, हजर... नऊ, हजर... दहा, हजर..."

मी जिवाच्या आकांताने ओरडले, "सर, मी इथे आहे."

"बारा, हजर."

माझ्याच आवाजात. खाली, पुलियावरून.

"तेरा, हजर," सुमती म्हणाली. तिच्या शेजारी कोण उभं होतं, हे तिने तेव्हा बघितलं का? मी नंतर विचारलं. ती म्हणाली, तूच होतीस की. मान खाली घालून होतीस.

मोजणी सतराला थांबली. मग सरांचा आवाज. सोळा गेले, सोळा आले. मग साखळी खळखळली. कुलूप लागलं.

मी ओरडत होते. सर, सर. सुमती. बाबनराव. कुणी वळलं नाही. कशाला वळतील? वही पूर्ण होती. जो माणूस हजर आहे त्याला कुणी शोधत नाही.

मग मला काय सुचलं कुणास ठाऊक. सरांच्या कानाला फक्त नंबर कळतो, म्हणून मी नंबर ओरडू लागले. "बारा. बारा. बारा."

थोडा वेळ काहीच नाही.

मग माझ्या पायाखालून... खदानीतून... अगदी हळू, दमलेला...

"अकराऽ."

"हजर" नाही. नुसतं अकरा. ऐकलं का, असं कुणी विचारतं ना, तसं.

मी तिथेच बसले. दोन्ही हातांनी कान दाबले, तरी ते ऐकू येत होतं. अकरा. अकरा. किती वेळ, माहीत नाही. उजेड पिवळा झाला, मग राखेसारखा झाला.

झुडपांतून काठी आपटत बाबनराव आले. मला बघून ते घाबरले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "मागच्या बारीले नाही आलो मी. म्हणून आज आलो."

मी विचारलं, मागच्या वेळी म्हणजे?

"त्या रोजी बी कुलूप लावल्यावर आवाज येऊन राहिला होता. 'अकरा, अकरा.' मले वाटलं पोट्टे मस्करी करून राहिले. वहीत तं सतरा होते ना, पोरी. मंग कायले जाऊ मी अंधाराचं?" त्यांनी काठीवर कपाळ टेकवलं. "लय वेळ येऊन राहिला होता वं आवाज."

म्हणजे मी बसस्टॉपवर, गाड्यांच्या आवाजात, रागाने बस सोडत होते, तेव्हा ती इथे होती. जिवंत होती. आणि सरांच्या कानाला फक्त नंबर कळतो, हे तिलाही सुचलं होतं. तिने हाक मारली नव्हती, नंबर म्हटला होता.

तो नंबर मी आधीच म्हणून टाकला होता.

मी बाबनरावांना एवढंच सांगितलं, खदानीत बघा.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी मुरूम उपसला. दरडीखाली ती सापडली. पुढचं लिहीत नाही. तिला कमरेपर्यंतच मातीने धरलं होतं, एवढं ऐकलं मी आणि पुढचं ऐकायचं नाकारलं.

आता तुम्ही म्हणाल, चला, निदान तिच्यावरचा आळ तरी गेला. नाही गेला.

वहीप्रमाणे ती पावणेसहाला फाटकाबाहेर आली होती. मग आत गेली कशी? नाल्यापाशी तार तुटलेली होती. म्हणजे बाहेर येऊन अंधारात चोरून परत आत गेली. पोरगी अंधारात चोरून आत जाते ती कशाला? लोकांनी उरलेलं स्वतःच भरलं. धाकटी बहीण मैना, तिचं ठरलेलं लग्न मोडलं. शालिकराम मागावर बसेनासे झाले. आणि हे सगळं एका वाक्याने थांबलं असतं. ते वाक्य बोलायचं काम माझं होतं.

आठ दिवसांनी प्रयागबाई पुन्हा आली. या वेळीही दारातच बसली. कनवटीची पुरचुंडी सोडली आणि माझ्यापुढे धरली.

पितळी कडीचं भिंग.

माझं भिंग. माझ्या मोठ्या भावाने कामठीच्या छावणीत लागल्यावर पहिल्या पगारातून घेऊन दिलं होतं. पानांच्या शिरा बघायला मी ते गळ्यात घालून फिरायची. संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी खदानवाटेवर कुठेतरी पडलं. मी आठवडाभर रडत होते. गोपिका म्हणाली होती, मिळन वं, जाते कुठी.

प्रयागबाई म्हणाली, "तिच्या मुठीत होतं. घरून सांगून निघाली होती ते. प्रेमिलाचं भिंग धुंडाले जातो म्हणे, तिले सोमवारी देतो, तिले सांगू नको."

मी भिंगाला हात लावला नाही.

"मंग ते फाटकाच्या बाहेर कशी आली होती, बाई?"

तिचा आवाज चढला नव्हता. ती रडतही नव्हती. तिने सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. तिला कळलं होतं. आईला कळतं. तिला फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणजे ती चार लोकांत मान वर करून सांगू शकली असती.

मामी मागे उभी होतीच. मी तोंड उघडलं. या वेळी माझाच आवाज निघाला, दुसऱ्या कुणी मदत केली नाही.

"बाहेर आली होती, बाई. मी बघितलं."

प्रयागबाईने भिंग उंबऱ्यावर ठेवलं आणि उठली. जाताना वळली नाही.

मी पचमढीला गेले. पास झाले. नोकरी लागली, लग्न झालं, दोन मुलं झाली. लोक म्हणतात सुखाचा संसार. होताच तो. फक्त एवढंच होतं की मी कुठल्याही रांगेत माझा नंबर कधी म्हटला नाही. म्हणायची वेळच यायची नाही. रेशनच्या दुकानात, बँकेत, दवाखान्यात. नंबर पुकारला की माझ्या आधी कुणीतरी म्हणायचं. माझ्या आवाजात. मी पुढे जायची आणि लोक वाट द्यायचे. इतक्या वर्षांत मला त्याची सवय झाली. देवाला हात जोडायची आणि मनात म्हणायची, एवढंच करत असेल तर करू दे बापडी.

आता खरं कारण, हे आज का लिहिते आहे त्याचं.

यजमान गेले. मुलं पुण्याला आणि हैदराबादला. मी एकटी राहते. वरच्या मजल्यावरच्या सिंधूताई रोज संध्याकाळी फिरून येताना माझं दार ठोठावतात. मी आतून "आहे" म्हटलं की त्या वर जातात. आमचं तसं ठरलेलं आहे.

गेल्या महिन्यात एका शनिवारी मी न्हाणीत पडले. पाय हलेना. मोबाइल बैठकीत. पडल्या पडल्या घड्याळाचे ठोके मोजत होते. पावणेसहा वाजता सिंधूताईंची टकटक आली आणि माझा जीव भांड्यात पडला.

"प्रेमिलाताई, आहात ना?"

मी ओरडणार, तेवढ्यात...

बैठकीतून, दाराच्या अगदी जवळून आवाज आला. माझा.

"हाव, आहे. बरी आहे मी."

मी ओरडले. खूप ओरडले. सिंधूताईंच्या चपला जिना चढून गेल्या.

रात्रभर मी फरशीवर पडून होते. सकाळी आठला कामाच्या तुळसाबाईने तिच्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. खुब्याचं हाड मोडलं होतं.

दवाखान्यात सिंधूताई रडत होत्या. म्हणाल्या, तुम्ही उत्तर दिलंत म्हणून मी गेले. तुमचाच आवाज होता, मी शपथ घेते. मग जरा थांबून म्हणाल्या, "फक्त शेवटी हळूच तुम्ही 'बारा, हजर' असं काहीतरी म्हणालात. मला वाटलं, शाळेतली सवय."

म्हणून लिहिते आहे. प्रयागबाई जाऊन तीस वर्षं झाली. शालिकराम त्याआधीच गेले. मैना इतवारीत असते म्हणतात. तिच्या दारापर्यंत जायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहिते. कुणी ओळखत असेल तर तिला वाचून दाखवा.

गोपिका पौनीकर त्या दिवशी फाटकाबाहेर आलीच नव्हती. ती कुणाला भेटायला गेली नव्हती. माझी हरवलेली वस्तू शोधायला गेली होती. अकरा नंबर मी म्हटला. तिच्या आवाजात मी म्हटला.

हे आधी सांगितलं असतं तर... जाऊ द्या. ते मी रोज मोजते.

घरी आल्यावर मी सिंधूताईंना बसवून सांगितलं. आता आवाजावर जाऊ नका. माझा चेहरा दिसल्याशिवाय वर जायचं नाही, मी काहीही म्हटलं तरी. त्यांनी हात हातात घेऊन कबूल केलं. पंधरा दिवस रोज आल्या. मी वॉकर घेऊन दारापर्यंत जायची, चेहरा दाखवायची.

या बुधवारी आल्या नाहीत. गुरुवारीही नाही. काल तुळसाबाईला वर पाठवून विचारलं, बरं नाही का?

तुळसाबाई परत येऊन म्हणाली, ताई चांगल्या आहेत. म्हणतात, तुम्हीच तर मंगळवारी फोन केला, की आता मला बरं आहे, रोज यायची गरज नाही.

मी फोन केलेला नाही.